शस्त्रक्रिया किती झाल्या, आणि दिसू लागले किती जणांना?

नेत्रशिबिराचा वृत्तांत वाचताना काही आकडे हमखास ठळक अक्षरांत भेटतात. इतक्या रुग्णांची तपासणी झाली, इतक्यांच्या मोतीबिंदूवर मोफत शस्त्रक्रिया झाली, इतक्यांना चष्मे वाटण्यात आले. वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ, मातोश्रींच्या अमृतमहोत्सवानिमित्त किंवा पेढीला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त अशी शिबिरे भरविण्याची प्रथा व्यापारी कुटुंबांत जुनी आहे आणि ती स्तुत्य आहे. परंतु या वृत्तांतांत एक आकडा सहसा आढळत नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी महिनाभराने किती जणांना नीट दिसू लागले, किती जणांना पूर्वीइतकेच अंधुक दिसत राहिले आणि किती जणांची होती नव्हती तेवढी दृष्टीही गेली, हा तो आकडा होय. ज्या घरात खर्चाची पै न् पै रोजकीर्दीत चढते, त्या घराच्या दानाचे फळ मात्र कोणत्याच वहीत चढत नाही.

ही उणीव किरकोळ नाही. भारतात २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षण झाले. पन्नाशीच्या पुढील लोकांत अंधत्व कशामुळे आले, याची त्यात पाहणी होती. त्यात ६६.२ टक्के वाटा उपचार न झालेल्या मोतीबिंदूचा निघाला. म्हणजे शस्त्रक्रियांची आणि शिबिरांची गरज अजून मोठी आहे, यात शंका नाही. परंतु त्याच यादीत ७.२ टक्के वाटा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतूनच उद्भवलेल्या गुंतागुंतीचा होता. काचबिंदूच्या वाट्यापेक्षाही तो अधिक भरला. अंध ठरलेल्या सुमारे चौदा जणांमागे एक जण असा, की ज्याने दिसावे म्हणून डोळा वैद्यकाच्या हाती दिला होता. यात अनेक वर्षांपूर्वीच्या, जुन्या पद्धतीने झालेल्या शस्त्रक्रियाही मोडतात, हे खरे. तरीही प्रश्न उरतोच. हा वाटा कमी कसा व्हावा?

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर मिळाले आहे ते मोठ्या नोंदवह्यांतून. नवे यंत्र वा नवे औषध हाती आले, तरी ते खरोखर उपयोगाचे आहे की नाही याचा निवाडा लाखो रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्यावरच होऊ शकला. ही नोंदवही कशी काम करते, हे व्यापारी वाचकाला समजणे मुळीच अवघड नाही. तिचे तत्त्व खतावणीचेच आहे.

आधी शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात पाहावे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयाबरोबर गढूळ होते, त्याला मोतीबिंदू म्हणतात. हे भिंग एका अतिशय पातळ, पारदर्शक पिशवीत असते. शल्यविशारद या पिशवीच्या पुढच्या बाजूस गोल छेद घेतो, गढूळ भिंग बाहेर काढतो आणि रिकाम्या झालेल्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतो. बहुतेक वेळा हे सारे काही मिनिटांत निर्विघ्न पार पडते. विघ्न आलेच तर त्यात दोन प्रकार महत्त्वाचे. पहिला म्हणजे पिशवीचा मागचा पापुद्रा फाटणे. तसे झाले की मागचा काचद्रव पुढे येऊ शकतो, भिंग नीट बसत नाही आणि पुढील गुंतागुंतीचा धोका वाढतो. दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होतो, त्यास वैद्यकात एन्डोफ्थॅल्मायटिस म्हणतात. त्यावर तातडीने उपचार झाले नाहीत तर थोड्याच दिवसांत दृष्टी कायमची जाऊ शकते.

हा संसर्ग भयंकर असला तरी विरळा आहे, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. एखादा कुशल नेत्रशल्यविशारद वर्षाला ५०० शस्त्रक्रिया करतो असे धरावे. दहा हजार शस्त्रक्रियांमागे सात जणांना संसर्ग होत असेल, तर असा रुग्ण त्याच्या वाट्याला सरासरीने जवळपास तीन वर्षांतून एकदा येईल. आता त्याने एखादी नवी दक्षता घेतली आणि हे प्रमाण दहा हजारांत दोनवर आले, तर असा रुग्ण त्याला दहा वर्षांतून एकदा भेटेल. म्हणजे पद्धत साडेतीन पट सुरक्षित झाली, तरी त्या वैद्याच्या प्रत्यक्ष अनुभवास ते येण्यास एक तप जावे लागेल. शिवाय योगायोग असतोच. जुन्या पद्धतीनेही पाच वर्षे निर्विघ्न जाऊ शकतात आणि नव्या पद्धतीत पहिल्याच महिन्यात दोन रुग्ण समोर येऊ शकतात. अशा वेळी माणूस आठवणीवर विसंबतो, आणि आठवण ताज्या घटनेकडे झुकते. एका दिवाळीच्या विक्रीवरून दहा वर्षांचा कल ठरवू नये, हे दुकानदार अनुभवाने जाणतो. शल्यविशारदाची गत तीच आहे. फरक इतकाच, की त्याच्या हिशेबात प्रत्येक एकक म्हणजे एका माणसाचा डोळा असतो.

यावर उपाय एकच. अनेकांचे हिशेब एका वहीत आणावे लागतात. स्वीडनने हे १९९२ साली केले. त्या वर्षी तेथे राष्ट्रीय मोतीबिंदू नोंदणी सुरू झाली. मॅट्स लुंडस्ट्रॉम या नेत्रवैद्यकाचा त्यात पुढाकार होता. पुढे देशातील जवळजवळ सर्व मोतीबिंदू शस्त्रक्रिया या नोंदणीत येऊ लागल्या. रुग्णाचे वय, शस्त्रक्रियेपूर्वीची दृष्टी, डोळ्याचे इतर आजार, बसविलेले भिंग अशा ठरावीक गोष्टी सर्व रुग्णालयांनी एकाच पद्धतीने लिहावयाच्या, हा त्यातला मुख्य नियम. वर्षातील एका ठरावीक महिन्यात केलेल्या शस्त्रक्रियांचा मात्र पुढेही मागोवा घेतला जाई आणि अखेरची दृष्टी नोंदली जाई. रुग्णालाही प्रश्न विचारले जात. वर्तमानपत्र वाचता येते का, दुकानातील किमतीची पट्टी दिसते का, उंचसखल वाटेवर चालता येते का? तक्त्यावरची अक्षरे दिसली म्हणजे माणसाची अडचण दूर झालीच असे नसते, हे या प्रश्नांनी उघड केले.

याच स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या सेंट एरिक नेत्ररुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या शेवटी सेफ्युरॉक्झिम या प्रतिजैविकाची अगदी अल्प मात्रा थेट डोळ्याच्या आत सोडण्याची पद्धत रूढ झाली होती. २००२ साली तेथील वैद्यकांनी ३२,००० हून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. संसर्गाचे प्रमाण अत्यल्प होते. तथापि टीकाकारांचा एक आक्षेप रास्त होता. संसर्ग कमी आहे तो औषधामुळेच, हे कशावरून? कदाचित तेथील शस्त्रक्रियागृह अधिक स्वच्छ असेल, हात अधिक सराईत असतील, रुग्ण अधिक निरोगी असतील. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्या वर्षी दुकानाचा रंग बदलला त्याच वर्षी विक्री वाढली, म्हणून रंगाला श्रेय देणारा व्यापारी फार काळ टिकत नाही.

हा आक्षेप निकालात काढण्यासाठी मोतीबिंदू शल्यविशारदांच्या युरोपीय संघटनेने २००३ साली एक चाचणी हाती घेतली. नऊ देशांतील २४ केंद्रांवर १६,००० हून अधिक रुग्ण तीत सहभागी झाले. कोणाला औषध मिळावे आणि कोणाला नाही, हे वैद्याच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरविण्यात आले. त्यामुळे दोन्ही गट इतर सर्व बाबतींत सारखे राहिले आणि फरक उरला तो फक्त औषधाचा. निष्कर्ष इतका स्पष्ट येऊ लागला, की २००६ च्या आरंभी नवे रुग्ण घेणे ठरल्या वेळेआधीच थांबविण्यात आले. ज्यांना डोळ्याच्या आत औषध मिळाले नव्हते, त्यांच्यात संसर्गाचा धोका जवळजवळ पाच पट होता. २००७ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि युरोपातील अनेक देशांत पद्धत बदलली. नोंदींनी दिशा दाखविली, चाचणीने पुरावा दिला, आणि पुढे ही पद्धत नित्याच्या कामातही तशीच उतरते का, हे पुन्हा नोंदींनीच तपासले.

भारताचे या कथेतील स्थान केवळ अनुकरण करणाऱ्याचे नाही. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाची स्थापना १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी केली, तेव्हा तेथे फक्त ११ खाटा होत्या. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या वैद्यकाने आयुष्यात एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. संस्थेचा विस्तार तामिळनाडूतील अनेक शहरांत झाला. पैसे देणारे आणि मोफत उपचार घेणारे, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांवर तेथे मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया होतात. एवढ्या मोठ्या संख्येमुळे तेथे एक दुर्मीळ संधी निर्माण झाली. जी नोंद जमविण्यास इतर रुग्णालयांना अनेक वर्षे लागतील, ती अरविंदमध्ये काही महिन्यांत जमते.

२०१४ पासून तेथे मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात सोडण्यास आरंभ झाला. हे औषध संस्थेच्याच ऑरोलॅब या कारखान्यात तयार होते आणि स्वस्त असते. हाताने द्रव विरळ करून मात्रा तयार करताना जी चूक संभवते, तीही त्यात टळते. काही वर्षांनी नोंदींची मोजदाद झाली. औषध न दिलेल्या ३,०२,८१५ शस्त्रक्रियांमध्ये २१४ डोळ्यांना संसर्ग झाला होता. औषध दिलेल्या ३,१४,६३८ शस्त्रक्रियांमध्ये तो ६४ डोळ्यांना झाला. म्हणजे दहा हजारांमागे सातवरून प्रमाण दोनवर आले. जुनेच प्रमाण कायम राहिले असते तर दुसऱ्या गटातील आणखी दीडशेहून अधिक डोळे या संसर्गात सापडले असते. ही मोजदाद २०१७ साली प्रसिद्ध झाली. आधीचे आणि नंतरचे अशी ही तुलना होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती. त्यामुळे इतर सुधारणांचाही त्यात काही वाटा असू शकतो, हे मान्य करावे लागते. परंतु २०१९ साली त्याच संस्थेने २० लाख सलग शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हाही फरक त्याच दिशेने दिसला.

याच संस्थेच्या आणखी एका हिशेबाकडे शिबिरे भरविणाऱ्यांनी मुद्दाम लक्ष द्यावे. मोतीबिंदू काढण्याच्या दोन पद्धती सध्या प्रचलित आहेत. एक फेको. तीत ध्वनिलहरींच्या यंत्राने भिंगाचा चुरा करून तो बारीक छेदातून ओढून घेतात. दुसरी हाताने करावयाची लहान छेदाची पद्धत, जी स्वस्त पडते. यंत्र म्हणजे श्रेष्ठ, अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि 'आमच्या शिबिरात सर्व शस्त्रक्रिया यंत्राने' असे अभिमानाने सांगितले जाते. अरविंदने २०१२ साली ७९,७७७ शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. अनुभवी वैद्यकांच्या हातून दोन्ही पद्धती सारख्याच सुरक्षित ठरल्या. अगदी नवख्या हातांत मात्र यंत्राच्या पद्धतीत गुंतागुंत बरीच अधिक झाली. दोन्ही पद्धती मिळून पाहिले, तर कायम सेवेतील वैद्यकांच्या शस्त्रक्रियांत गुंतागुंतीचे प्रमाण ०.७९ टक्के होते आणि बाहेरून शिकावयास आलेल्यांच्या हातून ते ५ टक्क्यांच्या वर गेले. यंत्र कोणते, यापेक्षा हात कोणाचा, हे विचारणे अधिक मोलाचे, असे हा हिशेब सांगतो. आपल्या संस्थेतील शिकाऊ हातांचे आकडे संस्थेने स्वतःच जगापुढे मांडले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

ब्रिटनमधील नोंदींनी पुढचे पाऊल टाकले. तेथील सरकारी रुग्णालयांतील ५५,५६७ शस्त्रक्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पिशवीचा मागचा पापुद्रा फाटण्याचे किंवा काचद्रव पुढे येण्याचे सरासरी प्रमाण १.९२ टक्के निघाले. पण सरासरीच्या पोटात फार मोठे अंतर दडलेले होते. रुग्णाचे वय, मधुमेहाने दृष्टिपटलास झालेली इजा, काचबिंदू, पिकून पांढरा किंवा तपकिरी झालेला मोतीबिंदू, न उघडणारी लहान बाहुली, सपाट निजता न येणे, शल्यविशारदाचा अनुभव अशा अनेक गोष्टी हा धोका वाढवितात. त्या सर्वांचा एकत्र विचार केला, तर एखाद्या रुग्णाचा धोका पाऊण टक्क्याहूनही कमी असतो आणि दुसऱ्या एखाद्याचा ७५ टक्क्यांहूनही अधिक. दोघांना एकच सरासरी सांगणे म्हणजे दोघांचीही दिशाभूल करणे होय.

या मापाचा व्यवहारात सरळ उपयोग झाला. अवघड डोळा अनुभवी वैद्याकडे आणि सोपा डोळा शिकाऊ वैद्याकडे, अशी वाटणी आधीच करता येऊ लागली. धोका अधिक असेल तर वेळ अधिक राखून ठेवता येतो, साधने तयार ठेवता येतात आणि रुग्णाला व घरच्यांना खरी कल्पना देता येते. पुढे तेथील नेत्रवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने राष्ट्रीय पातळीवर अशी तपासणी सुरू केली. प्रत्येक केंद्राला आणि वैद्यकाला स्वतःचे प्रमाण आणि त्याच्या रुग्णांची अवस्था पाहता अपेक्षित असलेले प्रमाण शेजारी शेजारी दिसू लागले. अलीकडच्या वर्षांत पापुद्रा फाटण्याचे प्रमाण तेथे एक टक्क्याच्याही खाली आले आहे. कोणाला शिक्षा झाली म्हणून हे घडले नाही. आपण कुठे उभे आहोत, हे कळल्यावर बहुतेक माणसे आपले काम आपणच सुधारतात.

घरातील ज्येष्ठ पुरुषांशी थेट संबंध असलेली एक गोष्टही नोंदींमधूनच पुढे आली. उतारवयात प्रोस्टेटची ग्रंथी वाढून लघवीस त्रास होतो, तेव्हा टॅम्सुलोसिन हे औषध सर्रास दिले जाते. २००५ साली अमेरिकेतील डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्बेल या दोन नेत्रशल्यविशारदांनी दाखवून दिले, की हे औषध घेणाऱ्यांच्या डोळ्यातील बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी ढिला पडतो, लाटेसारखा हलतो आणि बाहुली आकसते. लघवीच्या औषधाचा डोळ्याशी संबंध असेल, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात औषधांच्या आणि रुग्णालयांच्या सरकारी नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ९६,१२८ वृद्ध पुरुषांचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आधीच्या दोन आठवड्यांत टॅम्सुलोसिन घेतलेल्यांत गंभीर गुंतागुंतीची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. मुळात अशी गुंतागुंत विरळा असल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. शल्यविशारदाला आधी ठाऊक असेल तर तो बाहुली उघडी ठेवण्याची औषधे आणि बारीक आकडे वापरून पुरेशी काळजी घेऊ शकतो. औषध काही दिवस बंद केल्याने हा परिणाम खात्रीने जात नाही, म्हणून ते मनाने बंद करू नये. शस्त्रक्रियेपूर्वी चालू आणि पूर्वी घेतलेल्या सर्व औषधांची यादी मात्र वैद्यकापुढे ठेवावी. संकोचापोटी अनेक वृद्ध हे एकच औषध सांगावयाचे टाळतात.

आता नोंदवहीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आकडे चुकीच्या रीतीने वापरले तर ते अपाय करतात. एखाद्या रुग्णालयात गुंतागुंत अधिक दिसते, त्याचे कारण कदाचित असे असेल, की इतरांनी नाकारलेले अवघड डोळे तेथेच येतात. अशा रुग्णालयाला केवळ आकड्यावरून दोषी ठरविले, तर पुढे अवघड डोळा कोणीच हाती घेणार नाही. आणि ज्याला शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज आहे, तोच दारातून परत जाईल. म्हणून ब्रिटनप्रमाणे रुग्णाच्या मूळ अवस्थेचा विचार करूनच तुलना करावी लागते. दुसरा धोका गळतीचा. वाईट निकाल वहीत चढलेच नाहीत, तर वही स्वच्छ दिसते आणि डोळे जातच राहतात. बुडीत उधारी खात्यावर न दाखविणाऱ्या पेढीचा ताळेबंद जितका खरा, तितकीच ही नोंद खरी. तिसरी गोष्ट रुग्णाच्या खासगीपणाची. अभ्यासाला आकडे लागतात, नावे लागत नाहीत. गरीब रुग्ण मोफत उपचार घेतो, म्हणून त्याचे नाव, छायाचित्र किंवा आजार जाहीर करण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही.

शिबिराच्या बाबतीत गळतीचा प्रश्न विशेष बिकट असतो. रुग्ण दूरच्या खेड्यांतून आलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर अनेक जण पुन्हा तपासणीस येतच नाहीत. न आलेला रुग्ण बरा होऊन कामाला लागला, की निराश होऊन घरी बसला, हे कळत नाही. त्यामुळे निकाल मोजणे अशक्यच आहे, असे बरीच वर्षे मानले जाई. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ही सबब बरीचशी निकाली काढली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील दहा देशांच्या ४० रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील दृष्टी आणि पुढे निदान चाळीस दिवसांनी मोजलेली दृष्टी, यांची तुलना करण्यात आली. तपासणीस न परतणाऱ्या रुग्णांचा शोध घेऊन त्यांनाही तपासण्यात आले. रुग्णालयाच्या कामाचा दर्जा आरंभीच्या मोजणीवरूनही बऱ्याच अंशी ओळखता येतो, असे त्यातून दिसले. रुग्णाला घरी सोडण्यापूर्वीच दृष्टी मोजून लिहिली, तरी कामाची परीक्षा होऊ शकते.

मोजमापासाठी कसोटीही तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली घालून दिलेल्या मर्यादेनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किमान ८० टक्के डोळ्यांना, रुग्णाजवळ असेल त्या चष्म्यासह, ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसावयास हवे. निरोगी माणसाला जे अठरा मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरून दिसणे, म्हणजे ६/१८. आणि ६/६० हूनही कमी दिसणाऱ्या डोळ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असावे. निकाल यापेक्षा वाईट येत असेल तर कारण शोधावे. चुकीच्या क्रमांकाचे भिंग बसले असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीची मोजणी सुधारावी. गुंतागुंत अधिक असेल तर हात आणि साधने तपासावीत. दृष्टिपटलाचा जुना आजार असेल तर रुग्णांची निवड आणि आधीची तपासणी अधिक काटेकोर करावी. चष्म्याअभावी दिसत नसेल तर चष्मा द्यावा, हा तर सर्वांत स्वस्त उपाय.

दान करणाऱ्या कुटुंबाला किंवा ट्रस्टला हे सारे स्वतः करावयाचे नाही. रुग्णालयाशी ठरावाची बोलणी होतात, तेव्हा काही प्रश्न विचारणे एवढेच त्यांचे काम. शस्त्रक्रिया कोण करणार, आणि शिकाऊ हात असतील तर शेजारी अनुभवी कोण असेल? प्रत्येक रुग्णासाठी भिंगाचा क्रमांक मोजला जातो का? संसर्ग टाळण्यासाठी कोणती पद्धत पाळली जाते? घरी सोडताना आणि महिन्याने दृष्टी मोजून लिहिली जाते का? गेल्या वर्षी किती डोळ्यांना ६/१८ दिसले आणि किती डोळे ६/६० च्या खाली राहिले? डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दृष्टी एकाएकी उतरली, तर रुग्णाने त्याच दिवशी कोणाकडे धावावयाचे? चांगले रुग्णालय अशा प्रश्नांनी दुखावत नाही. त्याच्याकडे उत्तरे तयार असतात. ज्याच्याकडे नसतील, तेही पुढच्या वर्षी ती तयार ठेवील, कारण देणगीदार काय विचारतो त्याप्रमाणे संस्थेचे लक्ष वळते. फक्त संख्या विचारली तर संख्याच वाढते.

यासाठी खर्चाची थोडी फेरवाटणी करावी लागेल. मंडप, फलक आणि स्मरणिका यांवरील रकमेतून पुन्हा तपासणीस येणाऱ्या रुग्णांच्या एस.टी.च्या भाड्याची सोय सहज होते. शंभर शस्त्रक्रियांऐवजी नव्वदच झाल्या आणि त्या नव्वदांची महिन्याने तपासणी होऊन लागेल त्याला चष्मा मिळाला, तर दान घटले असे कोणी म्हणणार नाही. उरलेल्या दहांची शस्त्रक्रिया पुढच्या शिबिरात होऊ शकते. बिघडलेला डोळा मात्र पुढच्या शिबिरात परत मिळत नाही.

शिबिराच्या वृत्तांतात एवढी भर पडावी. शस्त्रक्रियांच्या आकड्याखाली आणखी दोन ओळी असाव्यात. एकीत महिन्याने नीट दिसू लागलेल्यांची संख्या, दुसरीत ज्यांना दिसले नाही त्यांची संख्या, आणि त्यांच्यासाठी पुढे काय केले, हे. दुसरी ओळ लिहिताना हात थोडा अडखळेल. स्टॉकहोम, मदुराई आणि लंडन येथील वैद्यकांनी तीच ओळ प्रामाणिकपणे लिहिली, म्हणून पुढच्या लाखो डोळ्यांचा धोका कमी झाला.